सेपोल : युरोपच्या पोलीस प्रशिक्षण संस्थेची पंचवीस वर्षे

युरोपीय संघाची पोलीस प्रशिक्षण संस्था ‘सेपोल’ २२ डिसेंबर २००० रोजी मंत्रिपरिषदेच्या निर्णयाने स्थापन झाली. तिचे मूळ नाव युरोपीय पोलीस महाविद्यालय. फ्रेंच नावावरून तयार झालेले सेपोल हे छोटे नाव पुढे मूळ नाव बदलल्यावरही कायम राहिले. पोलीस महाविद्यालय म्हटले की कवायतीचे मैदान, वसतिगृह, दीक्षान्त संचलन असे चित्र उभे राहते. सेपोलकडे स्वतःचे म्हणून यातले काहीच कधी नव्हते. स्थापनेच्या दिवशी तर तिला हक्काची इमारत नव्हती, एकही कायम प्राध्यापक नव्हता आणि स्वतःच्या नावाने करार करण्यापुरतेही कायदेशीर अस्तित्व नव्हते. सदस्य देशांच्या आपापल्या पोलीस प्रबोधिन्या होत्या आणि त्यांना एकमेकींशी जोडण्याचा आदेश होता. एवढ्या भांडवलावर संस्था सुरू झाली.

पूर्वपीठिका

पोलीस दल हा राज्यसत्तेचा सर्वांत जपून ठेवलेला अधिकार. व्यापार, शेती, चलन यांबाबत युरोपीय देशांनी आपले अधिकार बरेचसे एकत्र केले, पण पोलिसांच्या बाबतीत ते फार सावकाश पुढे सरकले. गुन्हेगारांची माहिती एकमेकांना देण्याची सोय जुनी होती. आज इंटरपोल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघटनेचा पाया १९२३ मध्ये व्हिएन्नात घातला गेला. मात्र माहिती कळवणे वेगळे आणि आपला शिपाई किंवा अधिकारी दुसऱ्याच्या शाळेत शिकायला पाठवणे वेगळे.

सत्तरच्या दशकात परिस्थिती बदलली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील हत्याकांड, पश्चिम जर्मनीतील रेड आर्मी फॅक्शन, इटलीतील रेड ब्रिगेड्स या दहशतवादी संघटना यांच्यापुढे एकेका देशाचे पोलीस अपुरे पडत होते. डिसेंबर १९७५ मध्ये रोम येथे भरलेल्या युरोपीय परिषदेत अंतर्गत सुरक्षेच्या प्रश्नांवर गृहमंत्र्यांनी नियमित भेटावे असे ठरले. पुढच्या वर्षापासून ‘त्रेवी’ या नावाने हा गट काम करू लागला. त्याच्या एका कार्यगटाकडे पोलिसांची साधनसामग्री, कार्यपद्धती आणि प्रशिक्षण यांबाबतच्या अनुभवांची देवाणघेवाण सोपवली होती. त्रेवीला ना कचेरी होती ना अंदाजपत्रक. बैठका बंद दाराआड होत. तरीही संयुक्त प्रशिक्षणाची चर्चा सरकारी पातळीवर प्रथम झाली ती येथे.

प्रत्यक्ष गरज निर्माण केली ती शेंगेन कराराने. १९८५ मध्ये झालेल्या या कराराची अंमलबजावणी कशी करायची हे सांगणारा दुसरा करार १९९० मध्ये झाला आणि २६ मार्च १९९५ पासून बेल्जियम, जर्मनी, स्पेन, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स व पोर्तुगाल या सात देशांनी आपसांतील सीमांवरची तपासणी उठवली. माणसांना आणि मोटारींना सीमा उरली नाही, पोलिसांना मात्र ती उरली. म्हणून १९९० च्या करारात दोन महत्त्वाच्या सवलती घातल्या होत्या. चाळिसाव्या कलमाने संशयितावर सीमेपलीकडे जाऊन पाळत ठेवता येई आणि एकेचाळिसाव्या कलमाने पळणाऱ्या गुन्हेगाराचा पाठलाग शेजारच्या देशात चालू ठेवता येई.

हे एकेचाळिसावे कलम वाचले की प्रशिक्षणाची निकड वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पाठलाग फक्त जमिनीवरील सीमा ओलांडूनच करता येतो. पाठलाग करणारा पोलीस गणवेशात, दंडपट्टी लावलेला किंवा ओळखचिन्ह असलेल्या वाहनात असला पाहिजे. खासगी घरात त्याला शिरता येत नाही. बंदूक जवळ ठेवता येते, पण चालवायची ती स्वसंरक्षणापुरतीच. या सामाईक अटींच्या पुढे प्रत्येक देशाच्या स्वतःच्या अटी होत्या. जर्मनीने शेजाऱ्यांच्या पोलिसांना अंतराची वा वेळेची मर्यादा घातली नाही आणि संशयिताला धरून ठेवण्याची मुभाही दिली. फ्रान्सने धरून ठेवण्याची मुभा नाकारली. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात पाठलाग पन्नास किलोमीटर किंवा दोन तासांपुरता होता. रात्रपाळीच्या गस्तीवरील हवालदाराला हे सारे तोंडपाठ असावे अशी अपेक्षा होती आणि त्याला ते शिकवणारी सामाईक शाळा कोठेच नव्हती.

शाळा नव्हती तरी छोटे प्रयत्न सुरू झाले होते. पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्यावर ऑस्ट्रिया आणि हंगेरी यांनी संयुक्त पोलीस अभ्यासक्रम सुरू केला. शेजारचे देश त्यात आले आणि त्यातून मध्य युरोपीय पोलीस प्रबोधिनी उभी राहिली. तिचा कारभार जर्मन भाषेत चाले आणि एकाच तुकडीला देशोदेशी फिरवून शिकवण्याची तिची पद्धत होती. १९९६ मध्ये युरोपातील पोलीस महाविद्यालयांनी आपला एक संघ स्थापन केला. त्याआधी, एप्रिल १९९५ मध्ये, अमेरिकेने हंगेरी सरकारच्या सहकार्याने बुडापेस्टमध्ये आंतरराष्ट्रीय पोलीस प्रबोधिनी उघडली होती. अमेरिकी केंद्रीय तपास संस्थेचे, म्हणजे एफबीआयचे, संचालक लुई फ्री यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला होता. पूर्व युरोपातील अधिकाऱ्यांना तेथे आठवडेच्या आठवडे प्रशिक्षण मिळू लागले. युरोपच्या भूमीवर युरोपीय पोलिसांना अमेरिका शिकवते आणि युरोपीय संघाची स्वतःची शाळा नाही, ही गोष्ट ब्रसेल्सला खटकली नसती तरच नवल.

टाम्पेरेचा ठराव

१ मे १९९९ रोजी अमलात आलेल्या ॲम्स्टरडॅमच्या तहाने पोलीस प्रशिक्षणातील सहकार्य प्रथमच करारबद्ध उद्दिष्टांत घेतले. त्याच वर्षी १५ व १६ ऑक्टोबरला फिनलंडमधील टाम्पेरे येथे राष्ट्रप्रमुखांची खास बैठक भरली. न्याय आणि अंतर्गत सुरक्षा एवढाच तिचा विषय होता. सरकारी वकिलांच्या सहकार्यासाठी युरोजस्ट, पोलीसप्रमुखांसाठी कृतिगट आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी युरोपीय पोलीस महाविद्यालय या तिन्ही कल्पना या एकाच बैठकीत मान्य झाल्या. महाविद्यालयाविषयीच्या परिच्छेदात दोन अटी होत्या. सुरुवात अस्तित्वात असलेल्या राष्ट्रीय संस्थांच्या जाळ्यातून व्हावी आणि संघात येऊ पाहणाऱ्या देशांनाही दार उघडे असावे.

पहिली अट वरवर तात्पुरती होती. आधी जाळे, मग यथावकाश खरे महाविद्यालय, असा तिचा अर्थ अनेकांनी लावला. ते ‘यथावकाश’ कधी आले नाही. मोठ्या देशांच्या प्रबोधिन्यांना आपल्या डोक्यावर दुसरी प्रबोधिनी नको होती आणि लहान देशांना नव्या वास्तूचा खर्च नको होता. मागे वळून पाहता हे बरेच झाले म्हणावे लागते. एका ठिकाणी बांधलेल्या महाविद्यालयाने वर्षाकाठी काहीशे अधिकारी घडवले असते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे यजमान देशाचीच पोलीसव्यवस्था राहिली असती.

पोर्तुगालने मांडलेल्या मसुद्यावरून २२ डिसेंबर २००० चा निर्णय झाला. नियामक मंडळावर सदस्य देशांच्या प्रशिक्षण संस्थांचे प्रमुख बसणार होते. प्रत्येक देशाला एक मत होते आणि अध्यक्षपद संघाच्या फिरत्या अध्यक्षपदाबरोबर दर सहा महिन्यांनी हातबदल करणार होते. मुख्यालय कोठे असावे यावर एकमत झाले नाही, म्हणून सचिवालयाची तात्पुरती सोय डेन्मार्कमध्ये झाली. तेथे मोजक्या माणसांनी पहिली वर्षे काढली. खर्च सदस्य देशांच्या वर्गणीवर चाले. कायदेशीर व्यक्तित्व नसल्यामुळे साध्यासाध्या व्यवहारांतही अडचण येई. तरीही पहिले अभ्यासक्रम झाले आणि पोलीसविज्ञानावरील वार्षिक परिषदांना सुरुवात झाली.

ब्रॅम्सहिलची वर्षे

मुख्यालयाचा प्रश्न डिसेंबर २००३ मध्ये सुटला. ब्रसेल्सच्या बैठकीत राष्ट्रप्रमुखांनी अनेक संस्थांच्या मुख्यालयांची वाटणी एकदमच केली. अन्नसुरक्षा संस्था इटलीतील पार्माला गेली, सागरी सुरक्षा संस्था लिस्बनला आणि पोलीस महाविद्यालय इंग्लंडमधील ब्रॅम्सहिलला. जुलै २००४ मध्ये दोन स्वतंत्र निर्णयांनी मुख्यालय निश्चित झाले आणि संस्थेला कायदेशीर व्यक्तित्व मिळाले.

लंडनच्या नैर्ऋत्येला हॅम्पशर परगण्यात असलेला ब्रॅम्सहिल हा सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला भव्य वाडा. ब्रिटिश गृहखात्याने तो १९५३ मध्ये घेतला आणि १९६० पासून तेथे पोलीस स्टाफ कॉलेज भरू लागले. भारतासह राष्ट्रकुलातील देशांचे वरिष्ठ पोलीस अधिकारी तेथे प्रशिक्षणासाठी जात. भारतीय पोलीस सेवेच्या जुन्या पिढीला हे नाव अपरिचित नाही. इंग्लंडमधील सर्वाधिक भुतांचा वाडा अशीही त्याची ख्याती होती. सेपोलला मात्र भुतांपेक्षा हिशेबांनी अधिक छळले. ते पुढे येईलच.

२० सप्टेंबर २००५ च्या निर्णयाने सेपोल युरोपीय संघाची अधिकृत संस्था बनली आणि १ जानेवारी २००६ पासून तिचा खर्च संघाच्या अंदाजपत्रकातून होऊ लागला. कामाची पद्धत या काळात ठरली आणि थोड्याफार फरकाने आजही तीच आहे. नियामक मंडळ वर्षाचा कार्यक्रम मंजूर करते. एखादा अभ्यासक्रम घेण्यास तयार असलेली राष्ट्रीय प्रबोधिनी प्रस्ताव देते, सेपोल तिच्याशी अनुदानाचा करार करते आणि अभ्यासक्रम त्या प्रबोधिनीत भरतो. मानवी तस्करीवरचा वर्ग एखाद्या देशात, बनावट नोटांवरचा दुसऱ्या, फुटबॉल सामन्यांच्या बंदोबस्तावरचा तिसऱ्या. एका वर्गात अनेक देशांचे अधिकारी, मुदत बहुधा आठवडाभर. शिकवणारे बहुतेक सेवेतले अधिकारी असतात. युरोपोल या संघाच्या पोलीस सहकार्य संस्थेची आणि युरोजस्टची माणसे येतात, विद्यापीठांतले अभ्यासकही येतात.

या वर्गांतली मोठी अडचण भाषेची होती. शिकवणे इंग्रजीत होई आणि गुन्हे शाखेत वीस वर्षे मुरलेल्या अनेक अधिकाऱ्यांची इंग्रजी बेताची असे. त्यामुळे काही देश विषयाच्या जाणकाराऐवजी इंग्रजी बोलणाऱ्यालाच पाठवत. सेपोलने यावर पोलीस कामकाजाच्या इंग्रजीचे खास वर्ग काढले. ते कायम मागणीत राहिले.

वर्गांच्या जोडीला सामाईक अभ्यासक्रम तयार झाले. दहशतवाद, अमली पदार्थ, काळ्या पैशाचे शुद्धीकरण, मानवी तस्करी, कौटुंबिक हिंसा, पोलिसी नीतिमत्ता अशा विषयांवर तज्ज्ञांनी शिकवण्याची रूपरेषा आखली आणि ती सर्व देशांच्या प्रबोधिन्यांकडे पाठवली. कौटुंबिक हिंसेचा समावेश येथे लक्षात घेण्याजोगा आहे, कारण हा गुन्हा सीमेपलीकडचा नाही. सामाईक अभ्यासक्रम केवळ आंतरराष्ट्रीय टोळ्यांपुरते नसून चांगल्या पोलीसकामाचा एक समान दर्जा ठरवण्यासाठी आहेत, ही भूमिका त्यामागे होती. काही देशांनी हे अभ्यासक्रम आपल्या पाठ्यक्रमात मिसळून घेतले, काहींनी भाषांतर करून ग्रंथालयात ठेवले. सक्ती नव्हती. वरिष्ठांसाठी अनेक टप्प्यांत चालणारा एक खास अभ्यासक्रमही याच काळात सुरू झाला. २००९ पासून पोलीसविज्ञान आणि संशोधन यांना वाहिलेली पत्रिका निघू लागली.

हिशेबांचा घोळ

सचिवालय अचानक युरोपीय संघाच्या कडक आर्थिक नियमांखाली आले आणि त्यासाठी लागणारी माणसे व सवय त्याच्याकडे नव्हती. एका वर्षी मंजूर झालेला पैसा त्याच वर्षात खर्च करणे जमत नसे, रकमा पुढच्या वर्षात ओढल्या जात. खरेदीच्या नियमांचे पालन ढिसाळ होते. कर्मचाऱ्यांच्या खासगी खर्चासाठी संस्थेचा पैसा वापरला गेल्याचेही २००७ च्या हिशेबांच्या तपासणीत युरोपीय लेखापरीक्षकांना आढळले. युरोपीय संसदेने २००८ च्या हिशेबांना मंजुरी देण्याचे प्रथम लांबणीवर टाकले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सरळ नाकारले. संघाच्या संस्थांच्या इतिहासात अशी नामंजुरी क्वचितच मिळते. पोलिसांना आर्थिक गुन्ह्यांचा तपास शिकवणाऱ्या संस्थेला ती मिळावी, ही नामुष्की होती आणि ती झाकण्यात काही अर्थ नाही.

मात्र या प्रकरणाचे मूळ केवळ व्यक्तींच्या वागण्यात शोधणे पुरेसे नाही. नियामक मंडळावर देशोदेशीच्या प्रबोधिन्यांचे प्रमुख होते. ते प्रशिक्षणातले जाणते होते, पण अंदाजपत्रकावर देखरेख ठेवणे त्यांचे काम कधी नव्हते. मंडळाखाली समित्या, समित्यांखाली कार्यगट असा पसारा वाढला होता. छोट्या सचिवालयाची बरीच शक्ती या बैठकांच्या व्यवस्थेतच जाई. २०१० च्या फेब्रुवारीत संचालकपदी आलेले हंगेरीचे फेरेन्त्स बानफी यांच्या कारकिर्दीत सफाई झाली. समित्या बंद करण्यात आल्या, हिशेबाची पद्धत नव्याने बसवली आणि पुढच्या वर्षांच्या हिशेबांना संसदेची मंजुरी मिळत गेली.

अदलाबदल योजना

याच अडचणीच्या वर्षांत संस्थेच्या सर्वांत यशस्वी उपक्रमाने आकार घेतला. विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी १९८७ पासून चालू असलेली इरॅस्मस योजना युरोपात घरोघरी माहीत होती. डिसेंबर २००९ मध्ये संघाने अंतर्गत सुरक्षेसाठी आखलेल्या स्टॉकहोम कार्यक्रमाने पोलिसांसाठीही तशीच योजना असावी असे सुचवले. त्यानंतर सेपोलच्या अदलाबदल योजनेला नेमके रूप आले. एका देशाचा अधिकारी दुसऱ्या देशातील त्याच कामाच्या अधिकाऱ्याकडे काही दिवस राहतो. सायबर शाखेतला सायबर शाखेत, सीमेवरचा सीमेवर, प्रशिक्षक प्रशिक्षकाकडे. पुढे यजमानाने पाहुणा म्हणून परत भेट द्यायची.

येथे व्याख्याने नसतात. पाहुणा यजमानाच्या कचेरीत बसतो, त्याची कागदपत्रे पाहतो, सरकारी वकिलाशी त्याचे कसे जमते ते पाहतो. कोणत्या देशात तपासाची सूत्रे वकिलाकडे आहेत आणि कोणत्या देशात पोलिसांकडे, हे पुस्तकात असते. पण अमुक परवानगी मिळायला प्रत्यक्षात एक तास लागतो की तीन आठवडे, हे तेथे बसल्याशिवाय कळत नाही. परतल्यावर त्याच्याकडे एका खऱ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक असतो. अधिकृत विनंतीपत्र योग्य मार्गानेच जाते, पण ते कसे लिहिले तर अडणार नाही हे आधी विचारता येते. पोलीस सहकार्याचे अर्धे यश या ओळखींवर उभे असते. मागणी नेहमीच उपलब्ध जागांपेक्षा जास्त राहिली. नंतरच्या काळात युरोपीय संघाबाहेरील शेजारी देशांच्या अधिकाऱ्यांनाही योजनेत जागा मिळू लागल्या.

बेघर होण्याची वेळ

डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटिश सरकारने ब्रॅम्सहिल विकण्याचा निर्णय जाहीर केला. वास्तूच्या देखभालीचा खर्च डोईजड झाला होता. त्याबरोबरच, आपल्या देशात सेपोलचे मुख्यालय यापुढे ठेवण्याची इच्छा नाही, असे ब्रिटनने १२ डिसेंबर २०१२ आणि ८ फेब्रुवारी २०१३ च्या पत्रांनी कळवले.

जागा जाण्याच्या प्रश्नातून संस्थाच जाण्याचा प्रश्न उभा राहिला. मार्च २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने सेपोल युरोपोलमध्ये विलीन करून तिचे काम हेगला नेण्याचा प्रस्ताव मांडला. दोन कचेऱ्यांऐवजी एक राहील, पैसा वाचेल आणि गुन्ह्यांचे विश्लेषण करणाऱ्यांच्या शेजारी प्रशिक्षक बसले तर प्रशिक्षण अधिक नेमके होईल, असा आयोगाचा युक्तिवाद होता. तो चुकीचा नव्हता. पण चालू तपासांच्या धबडग्यात प्रशिक्षण नेहमीच मागे पडते, हा देशोदेशीच्या पोलीस खात्यांचा अनुभव होता. युरोपोल मोठी संस्था, तिच्यात प्रशिक्षण हा एक विभाग होऊन राहील, अशी भीती सदस्य देशांना आणि संसदेलाही वाटली. दोघांनी विरोध केला आणि विलीनीकरण बारगळले.

नव्या जागेसाठी अनेक देश पुढे आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये मंत्र्यांनी बुडापेस्टवर शिक्कामोर्तब केले आणि मे २०१४ च्या नियमाने ते कायद्यात उतरले. सप्टेंबर २०१४ पासून मुख्यालय अधिकृतपणे बुडापेस्टला आले. अमेरिकेची प्रबोधिनी १९९५ पासून त्याच शहरात असल्याने बुडापेस्ट आता दोन आंतरराष्ट्रीय पोलीस प्रशिक्षण संस्थांचे शहर झाले.

स्थलांतराची किंमत कर्मचाऱ्यांनी मोजली. युरोपीय संघाच्या नोकरांचे वेतन ते राहत असलेल्या देशातील महागाईनुसार कमीजास्त होते. ब्रिटनचा गुणक चढा होता आणि हंगेरीचा फार खालचा, त्यामुळे तेच काम करणाऱ्यांच्या हाती येणारी रक्कम लक्षणीयरीत्या घटली. काही जण नोकरी सोडून गेले, काहींनी न्यायालयात दाद मागितली. रिकाम्या जागा भरताना संस्थेला काही वर्षे ओढाताण सोसावी लागली.

नवा कायदा, रुंदावलेले काम

२५ नोव्हेंबर २०१५ रोजी नवा कायदा झाला आणि १ जुलै २०१६ पासून लागू झाला. संस्थेचे नाव बदलून कायदा-अंमलबजावणी प्रशिक्षण संस्था असे झाले. महाविद्यालय हा शब्द अखेर गेला आणि वस्तुस्थितीशी तो कधी जुळलाही नव्हता. नव्या कायद्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती मर्यादा काढली. कोणत्याही हुद्द्याचा पोलीस, सीमाशुल्क अधिकारी, सीमारक्षक प्रशिक्षणास पात्र ठरला. युरोपीय आयोगाला नियामक मंडळात मताधिकार मिळाला, अध्यक्षपद सहा महिन्यांऐवजी अठरा महिन्यांचे झाले आणि प्रत्येक देशात सेपोलचा राष्ट्रीय कक्ष स्थापन झाला.

या कायद्यासंबंधीची एक विसंगती नोंदवली पाहिजे. ब्रिटन त्यात सामील झाले नाही. डेन्मार्कला न्याय व गृह विषयांत तहानेच वेगळेपण मिळालेले असल्यामुळे तोही बाहेर राहिला. डिसेंबर २०१५ च्या सार्वमतात डॅनिश मतदारांनी हे वेगळेपण बदलायला नकार दिला. म्हणजे ज्या दोन देशांनी संस्थेला पहिला आणि दुसरा आसरा दिला, तेच दोन्ही देश तिच्या आजच्या कायद्याबाहेर आहेत.

पूर्वी कोणता अभ्यासक्रम घ्यायचा हे बरेचसे कोणती प्रबोधिनी काय शिकवायला तयार आहे यावर ठरे. नव्या कायद्याने गरजेचा आधी अभ्यास करणे बंधनकारक केले. २०१८ पासून सेपोल दर चार वर्षांच्या टप्प्यासाठी प्रशिक्षणाच्या गरजांचा युरोपव्यापी आढावा घेते आणि तो युरोपीय संघाच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कार्यक्रमाच्या वेळापत्रकाशी जोडलेला असतो. अभ्यासक्रमानंतर काही महिन्यांनी प्रशिक्षणार्थीला आणि त्याच्या वरिष्ठाला प्रश्नावली पाठवून, शिकलेले कामात उतरले का, हे विचारले जाते. वर्ग संपताच भरून घेतलेल्या अभिप्रायापेक्षा ही चौकशी अर्थातच अधिक खरी.

ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झालेला पदव्युत्तर अभ्यासक्रम हा महत्त्वाकांक्षी प्रयोग होता. नोकरी सांभाळून दोन वर्षांत पुरा करायचा आणि अनेक देशांच्या प्रबोधिन्यांनी मिळून शिकवायचा. पोलीसशिक्षण विद्यापीठीय दर्जाचे मानणारे देश आणि ते केवळ खात्यांतर्गत प्रशिक्षण मानणारे देश यांच्यातली दरी यामुळे उघडी पडली, आणि काही प्रमाणात बुजलीही. जून २०१९ मध्ये बुडापेस्टमध्ये सायबर गुन्हे प्रबोधिनी सुरू झाली. स्वतःच्या देखरेखीखालील प्रशिक्षणाची जागा म्हणावी असे काही संस्थेला मिळाले ते स्थापनेनंतर जवळपास एकोणीस वर्षांनी.

संघाबाहेरील कामही वाढत गेले. अरब देशांसाठी दहशतवादविरोधी प्रशिक्षणाची भागीदारी २०१५ मध्ये सुरू झाली; जॉर्डन, लेबनॉन, ट्युनिशिया यांचा तिच्यात समावेश होता. पश्चिम बाल्कनमध्ये आर्थिक तपासाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०२० पासून भूमध्यसागराच्या दक्षिणेकडील आणि पूर्वेकडील शेजाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकल्प चालले. या प्रकल्पांचा पैसा संस्थेच्या नियमित अंदाजपत्रकाबाहेरून येतो, त्यामुळे कंत्राटी नेमणुका आणि ठरावीक मुदत यांची टांगती तलवार राहते. शिवाय जेथे पोलिसांवर लोकशाहीचा अंकुश दुबळा आहे, तेथे तपासाची कौशल्ये शिकवताना त्यांचा उपयोग कोणाविरुद्ध होईल, हा प्रश्न युरोपातील नागरी हक्क संघटनांनी वेळोवेळी विचारला आहे. प्रशिक्षणात मानवी हक्कांचा पाठ घातल्याने त्याचे पूर्ण उत्तर मिळत नाही.

पडद्यावरचे वर्ग आणि आजची स्थिती

फेब्रुवारी २०१८ मध्ये जर्मनीचे डेटलेफ श्रोडर संचालक झाले. त्यांच्या काळात प्रशिक्षितांची वार्षिक संख्या तीस हजारांच्या पुढे गेली. या आकड्याकडे थोडे सावधपणे पाहावे लागते, कारण त्यातला मोठा वाटा वेबिनारचा आणि ऑनलाइन धड्यांचा आहे. तासाभराचा वेबिनार ऐकणारा आणि आठवडाभर दुसऱ्या देशाच्या पोलीस ठाण्यात बसलेला अधिकारी एकाच रकान्यात मोजणे सोयीचे असले तरी दोघांच्या पदरी पडणारे सारखे नसते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने वर्ग आणि अदलाबदल दोन्ही थांबवले. ऑनलाइन शिकवण्याची घडी आधीपासून बसलेली असल्याने संस्थेचे काम बंद पडले नाही. त्याच वर्षी नवे ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले. टाळेबंदीत वाढलेले फसवणुकीचे गुन्हे, बनावट औषधे, घरगुती हिंसा यांवर तातडीने धडे तयार झाले. प्रत्यक्ष भेटीची जागा मात्र पडद्याने घेतली नाही. प्रवास सुरू होताच निवासी वर्ग पुन्हा भरू लागले.

२०२२ मध्ये स्पेनच्या मोन्सेरात मारिन लोपेझ संचालक झाल्या. मुख्यालय बुडापेस्टच्या ओ रस्त्यावर आहे. डेन्मार्क सोडून युरोपीय संघाचे सर्व सदस्य देश संस्थेत सहभागी आहेत. आइसलंड, नॉर्वे, स्वित्झर्लंड यांच्याशी सहकार्याचे करार आहेत. निवासी वर्ग बहुतांशी सदस्य देशांच्या प्रबोधिन्यांत, अनुदानाच्या करारांवरच भरतात. सेपोलने तयार केलेला अभ्यासक्रम आपल्या प्रबोधिनीत शिकवायचा की नाही, हा निर्णय आजही प्रत्येक देशाच्या हाती आहे आणि २०१५ च्या कायद्याने संस्थेला त्याबाबत सक्ती करण्याचा कोणताही अधिकार दिलेला नाही.